प्रस्तावना : संघ-नागरिकत्व आणि त्याच्या वाटेतले अडथळे

युरोपीय संघाच्या सत्तावीस सदस्य-राष्ट्रांपैकी कोणत्याही एका राष्ट्राचे नागरिकत्व ज्या व्यक्तीकडे आहे, ती व्यक्ती आपोआप संघाचीही नागरिक असते. हे दुसरे नागरिकत्व मिळवण्यासाठी तिला अर्ज करावा लागत नाही, शपथ घ्यावी लागत नाही आणि शुल्कही भरावे लागत नाही. आज चाळीस कोटींहून अधिक लोकांना हा दर्जा लाभलेला आहे आणि त्यांपैकी सुमारे १ कोटी ४० लाख लोक आपले राष्ट्र सोडून संघातल्याच दुसऱ्या एखाद्या राष्ट्रात राहत आहेत. हा दर्जा मिळताना कागद लागत नाही, पण तो वापरायला निघाले की पावलोपावली लागतो : जन्माचा दाखला, विवाहाची नोंद, रहिवासाचा पुरावा, आरोग्यविम्याचे पत्र, पदवीचे प्रमाणपत्र. करारात लिहिलेला हक्क आणि तो हक्क ज्या खिडकीवर मागावा लागतो ती खिडकी यांच्यातले अंतर हा प्रस्तुत ग्रंथाचा विषय आहे, आणि ते अंतर कोणासाठी लवकर कमी झाले व कोणासाठी अजून तसेच राहिले हा त्याचा मुख्य प्रश्न आहे.

‘अडथळा’ ही संज्ञा येथे काहीशा व्यापक अर्थाने वापरली आहे. परदेशी माणसाला उघडपणे हक्क नाकारणारा कायदा हा अडथळ्याचा सर्वांत ढोबळ प्रकार होय. तो ओळखायला सोपा असतो, न्यायालयात टिकत नाही आणि म्हणून संघात आता क्वचितच आढळतो. त्याहून चिवट अडथळा असतो तो अशा नियमाचा, जो कोणाचेही नाव घेत नाही, सर्वांना सारखाच लागू असतो, परंतु जन्म, शिक्षण, नोकरी, विवाह आणि म्हातारपण हे सारे एकाच देशात घालवणारा माणूस डोळ्यांसमोर ठेवून लिहिलेला असतो. स्वीडनचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. तेथे लोकसंख्या-नोंदणीत नाव लागलेल्या प्रत्येकाला एक व्यक्तिगत क्रमांक मिळतो, आणि किमान वर्षभर राहण्याचा इरादा दाखवता आला तरच ही नोंदणी होते. बँकेचे खाते, दूरध्वनीची जोडणी, डॉक्टरची वेळ अशा साध्यासाध्या गोष्टी त्या क्रमांकाशी इतक्या घट्ट बांधलेल्या आहेत की सहा महिन्यांच्या कामासाठी आलेल्या पोर्तुगीज किंवा पोलिश माणसाला कायद्याने राहण्याचा पूर्ण हक्क असूनही व्यवहारात खेटे घालावे लागतात. येथे भेदभाव करण्याचा कोणाचाही हेतू नाही, आणि हेतू नसल्यामुळेच असा अडथळा वर्षानुवर्षे कोणाच्या नजरेला येत नाही.

या हक्काचा उगम आदर्शवादात शोधला जातो, पण त्याची पहिली पाने कोळशाच्या खाणीत लिहिली गेली. दुसऱ्या महायुद्धानंतर बेल्जियमला खाणीत उतरायला माणसे हवी होती आणि इटलीला कोळसा हवा होता. १९४६ साली दोन्ही सरकारांनी करार केला, त्यानुसार इटलीने पन्नास हजार कामगार पाठवायचे आणि त्याच्या मोबदल्यात बेल्जियमने कोळसा द्यायचा ठरले. कोळसा आणि पोलाद समूह स्थापन करणाऱ्या १९५१ च्या पॅरिस करारात या दोन उद्योगांतल्या कसबी कामगारांना समूहाच्या सहा संस्थापक देशांत कोठेही काम करण्याची मुभा देणारे कलम आले. ८ ऑगस्ट १९५६ रोजी बेल्जियममधील मार्सिनेल येथील खाणीला आग लागली, २६२ माणसे गेली आणि त्यांतली १३६ इटालियन होती. पुढच्याच वर्षी, २५ मार्च १९५७ रोजी झालेल्या रोम कराराने कामगारांच्या मुक्त संचाराचे तत्त्व सर्व उद्योगांना लागू केले, तेव्हा ही आठवण ताजी होती. तरीही त्या करारातला माणूस हा भांडवल, माल आणि सेवा यांच्या बरोबरीने मोजलेला एक उत्पादक घटक होता. त्याला हक्क होते ते तो काम करतो म्हणून. १९६८ साली या तत्त्वाला तपशील देणारा विनियम निघाला. (विनियम म्हणजे संघाचा असा कायदा, जो राष्ट्रीय संसदेच्या मंजुरीची वाट न पाहता सर्व सदस्य-राष्ट्रांत जसाच्या तसा लागू होतो, त्याउलट ‘निर्देश’ हा उद्दिष्ट ठरवून देतो आणि त्यासाठीचा कायदा ठरावीक मुदतीत प्रत्येक राष्ट्राने स्वतः करायचा असतो.) त्या विनियमाच्या उद्देशिकेतच कामगाराच्या स्थलांतरातले अडथळे दूर करण्याचा आणि त्याच्या कुटुंबाला त्याच्याजवळ येऊन राहता यावे याचा उल्लेख आहे. कामगार एकटा येत नाही, त्याच्यामागे घर येते, एवढे भान अर्थकारणाच्या त्या भाषेतही शिरले होते.

कामगाराचा नागरिक व्हायला आणखी पंचवीस वर्षे लागली. ७ फेब्रुवारी १९९२ रोजी मास्ट्रिख्ट येथे सही झालेला आणि १ नोव्हेंबर १९९३ पासून अमलात आलेला करार हा त्यातला निर्णायक टप्पा होय. त्याने संघ-नागरिकाला दिलेले हक्क मोजके होते : कोणत्याही सदस्य-राष्ट्रात फिरण्याचा आणि राहण्याचा, राहत्या ठिकाणी स्थानिक स्वराज्य संस्थांच्या व युरोपीय संसदेच्या निवडणुकीत मत देण्याचा आणि उभे राहण्याचा, संघाबाहेरच्या ज्या देशात स्वतःच्या राष्ट्राचा वकिलातीचा कारभार नाही तेथे दुसऱ्या सदस्य-राष्ट्राच्या वकिलातीकडे मदत मागण्याचा, आणि युरोपीय संसदेकडे व संघाच्या लोकपालाकडे गाऱ्हाणे नेण्याचा. डेन्मार्कच्या जनतेने जून १९९२ मधील सार्वमतात हा करार फेटाळला. संघ-नागरिकत्व आपल्या राष्ट्रीयत्वाची जागा घेईल, अशीही शंका त्या विरोधात होती. तिचे निरसन करण्यासाठी पुढे १९९७ च्या ॲमस्टरडॅम करारात, हे नागरिकत्व राष्ट्रीय नागरिकत्वाला पूरक आहे, पर्यायी नाही, असे स्पष्ट करण्यात आले. या तडजोडीची किंमत आजतागायत चुकवावी लागते. कोणाला नागरिक मानायचे, कोणाचा जन्म कसा नोंदवायचा, कोणता विवाह ग्राह्य धरायचा, कोणाला किती मदत द्यायची हे सारे राष्ट्रांच्याच हाती राहिले आणि संघाच्या हाती आली ती एवढीच अट की, ही सत्ता वापरताना संघ-नागरिकाच्या हक्काला बाध येता कामा नये. जवळजवळ प्रत्येक वादाची मेख या एका अटीत आहे.

राहण्याच्या हक्काचे आजचे स्वरूप २९ एप्रिल २००४ च्या निर्देशाने ठरवले. पहिले तीन महिने केवळ ओळखपत्र किंवा पारपत्र पुरते. त्यानंतर राहायचे असेल तर माणूस नोकरीत किंवा स्वतःच्या व्यवसायात असावा, नाहीतर त्याच्याकडे ‘पुरेशी साधने’ आणि ‘सर्वसमावेशक आरोग्यविमा’ असावा, आणि सलग पाच वर्षे कायदेशीरपणे राहिल्यावर कायम वास्तव्याचा हक्क मिळावा, अशी ही मांडणी आहे. अवतरणातले हे दोन शब्दप्रयोग वाचकाने ध्यानात ठेवावेत. ग्रंथातील जवळजवळ निम्मी प्रकरणे त्यांच्या अर्थावरून झालेल्या वादांची आहेत.

अडथळ्यांची सर्वांत प्रसिद्ध मोजदाद युरोपीय आयोगाने २७ ऑक्टोबर २०१० रोजी प्रसिद्ध केलेल्या अहवालात आढळते. आयोग ही संघाची कार्यकारी संस्था असून करारांचे पालन होते की नाही हे पाहणे हे तिचे काम आहे. तत्पूर्वी जून २००८ मध्ये फ्रान्सचे युरोपीय संसद-सदस्य आलँ लामासूर यांनी नागरिक आणि संघाचा कायदा यांच्या संबंधावर एक सविस्तर अहवाल लिहिला होता. २०१० चा अहवाल त्याच वाटेने जातो. त्यात माणसाकडे खासगी व्यक्ती, ग्राहक, रहिवासी-विद्यार्थी-व्यावसायिक आणि राजकीय घटक अशा चार नात्यांनी पाहून पंचवीस अडथळे नोंदवले आणि प्रत्येकासमोर आयोग काय करणार ते लिहिले. दोन देशांतल्या पतिपत्नींच्या मालमत्तेची वाटणी, परदेशी दाखल्यांची मान्यता, दुसऱ्या देशात उपचार, स्थलांतरानंतर मोटारीची पुन्हा नोंदणी अशा गोष्टी त्यात आहेत. मोठ्या घोषणा बाजूला ठेवून सरकारने इतक्या बारीक तक्रारी एका कागदावर आणणे ही साधी गोष्ट नव्हती, आणि या अहवालाचे मोल प्रस्तुत ग्रंथात मोकळेपणाने मानले आहे. मात्र तो कोणत्या दिवसांत निघाला हेही सांगितले पाहिजे. त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये फ्रान्सच्या गृहखात्याने एका परिपत्रकाद्वारे रोमा समाजाच्या वस्त्या हटवण्याचे काम अग्रक्रमाने करण्याचे आदेश दिले होते आणि रोमानिया व बल्गेरिया या सदस्य-राष्ट्रांच्या नागरिकांना विमानांत बसवून परत पाठवले जात होते. आयोगाच्या न्यायविषयक उपाध्यक्ष व्हिव्हियान रेडिंग यांनी १४ सप्टेंबर रोजी या प्रकाराचा अत्यंत कठोर शब्दांत निषेध केला आणि कारवाईचा इशारा दिला. फ्रान्सने आपला कायदा सुधारण्याचे आश्वासन दिल्यावर १९ ऑक्टोबर रोजी आयोगाने ती कारवाई न करण्याचे ठरवले. अहवाल त्यानंतर आठ दिवसांनी आला. ज्याच्याकडे मोटार आहे त्याला ती नव्या देशात नोंदवताना होणारा त्रास हा खराच त्रास आहे, पण ज्याची झोपडीच उठवली जाते त्याच्या वाटेतला अडथळा याच यादीच्या शेजारी ठेवून पाहिल्याशिवाय या विषयाचा तोल सापडत नाही.

दाखल्यांचा प्रश्न वरकरणी कोरडा वाटतो, म्हणून त्यावर येथे थोडे थांबणे इष्ट आहे. नाव हीच पहिली अडचण. स्वतःचे, वडिलांचे आणि कुळाचे अशी तीन पदे लिहिण्याची सवय असलेल्या मराठी वाचकाला परदेशी अर्जातल्या दोन चौकटींत ती बसवताना होणारी ओढाताण परिचयाची असेल. युरोपातही नावाच्या परंपरा देशागणिक वेगळ्या आहेत. स्पेनमध्ये मुलाला वडिलांचे पहिले आणि आईचे पहिले अशी दोन आडनावे मिळतात, बेल्जियमच्या तेव्हाच्या कायद्यानुसार केवळ वडिलांचे मिळे. त्यामुळे दोन्ही देशांचे नागरिक असलेल्या भावंडांची ओळख एका दप्तरात एक आणि दुसऱ्यात दुसरी अशी झाली. लक्झेंबर्ग येथील युरोपीय न्यायालयाने २००३ साली बेल्जियमने आडनाव बदलून देण्यास दिलेला नकार संघ-नागरिकत्वाशी विसंगत ठरवला. २००८ साली डेन्मार्कमध्ये जन्मलेल्या एका जर्मन मुलाबाबत न्यायालय आणखी एक पाऊल पुढे गेले : तेथे रीतसर नोंदवलेले आईवडिलांचे जोड आडनाव जर्मन कार्यालयाने नाकारले होते, आणि प्रत्येक वेळी आपण तोच आहोत हे सिद्ध करत बसण्याची पाळी मुलावर येणे हाच हक्काला लागलेला बाध होय, असे न्यायालयाने मानले. यानंतर जुलै २०१६ मध्ये आलेला आणि १६ फेब्रुवारी २०१९ पासून लागू झालेला सार्वजनिक दस्तऐवजांचा विनियम पाहिला की अशा खटल्यांचे फळ दिसते. जन्म, मृत्यू, विवाह, अधिवास यांसारख्या दाखल्यांवर एका सदस्य-राष्ट्रातून दुसऱ्यात नेताना अपोस्टील, म्हणजे दाखला अस्सल असल्याचे आंतरराष्ट्रीय साक्षांकन, घेण्याची सक्ती त्याने काढून टाकली आणि भाषांतराचा खर्च वाचावा म्हणून दाखल्यासोबत जोडायचा बहुभाषी नमुना तयार केला.

परंतु या विनियमाने कागद खरा आहे एवढेच मान्य होते. त्यात लिहिलेली गोष्ट मान्य करायची की नाही हे घेणाऱ्या राष्ट्रावरच सोडलेले आहे, आणि खरी गोम तेथेच आहे. २०१९ साली बार्सिलोना येथे एका मुलीचा जन्म झाला. तिच्या दोन्ही पालक स्त्रिया, एक बल्गेरियन आणि दुसरी जिब्राल्टरमध्ये जन्मलेली ब्रिटिश; स्पेनच्या दाखल्यात दोघींची आई म्हणून नोंद झाली. बल्गेरियन ओळखपत्रासाठी सोफियाच्या स्थानिक कार्यालयाकडे जन्मदाखला मागितला तेव्हा तेथील नमुन्यात ‘आई’साठी एक आणि ‘वडील’ यांसाठी एक अशा दोनच चौकटी होत्या. दोघींपैकी जन्म देणारी कोण हे सांगण्याची मागणी झाली, त्या दोघींनी ते सांगण्याचे नाकारले आणि अर्ज फेटाळला गेला. १४ डिसेंबर २०२१ रोजी युरोपीय न्यायालयाने निर्णय दिला की, मुलगी बल्गेरियन नागरिक असेल तर राष्ट्राने आपल्या विवाहविषयक कायद्यात बदल करण्याची गरज नाही, मात्र तिला ओळखपत्र दिले पाहिजे आणि दोन्ही आयांसोबत संघात फिरता येईल अशी तिची स्थिती मान्य केली पाहिजे. २०२३ साली बल्गेरियाच्या सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयाने ती मुलगी बल्गेरियन नागरिकच ठरत नाही, असे म्हणून प्रकरण संपवले. निर्णय न मोडता तो निष्प्रभ करण्याची ही रीत, आणि तिचा भार कोणताही अपराध नसलेल्या एका लहान मुलीवर पडावा, ही या ग्रंथातील सर्वांत क्लेशकारक नोंद आहे.

आरोग्यसेवेच्या बाबतीत वाट त्यामानाने सरळ गेली. लक्झेंबर्गमधील एका विमाधारकाने सीमेपलीकडे बेल्जियममधील आर्लाँ या गावी चष्मा घेतला, दुसऱ्याने आपल्या मुलीच्या दातांवर जर्मनीतील ट्रिअर येथे उपचार करून घेण्याची परवानगी मागितली; दोघांनाही विमा-निधीने नकार दिला, कारण एकाने पूर्वपरवानगी घेतली नव्हती आणि दुसऱ्याला ती दिली गेली नाही. २८ एप्रिल १९९८ रोजी न्यायालयाने दोन्ही नकार चुकीचे ठरवले. एका चष्म्यावरून सुरू झालेल्या या वादाची परिणती मार्च २०११ च्या निर्देशात झाली, ज्यानुसार रुग्णाला दुसऱ्या सदस्य-राष्ट्रात उपचार घेऊन स्वदेशात जेवढा खर्च मिळाला असता तेवढ्या मर्यादेपर्यंत परतावा मागता येतो. मात्र पैसे आधी स्वतः भरायचे आणि मग मागायचे अशी ही रचना असल्यामुळे, ज्याच्या गाठीला पैसे नाहीत त्याला या हक्काचा उपयोग किती, हा प्रश्न उरतोच.

येथून विषय त्याच्या गाभ्याशी येतो. संघ-नागरिकत्व गरिबाचे आहे की नाही, यावर न्यायालयाची भूमिका तेरा वर्षांत दोन टोकांना गेली. बेल्जियममधील लुव्हाँ-ला-नव्ह येथे शिकणारा एक फ्रेंच विद्यार्थी पहिली तीन वर्षे कर्ज आणि किरकोळ कामे यांवर निभावून नेतो, चौथ्या वर्षी प्रबंध व प्रात्यक्षिके यांमुळे काम करणे अशक्य होते म्हणून किमान निर्वाहभत्ता मागतो, तो मंजूर होतो आणि नंतर तो बेल्जियन नाही या कारणावरून बंद केला जातो : या प्रकरणात २० सप्टेंबर २००१ रोजी न्यायालयाने म्हटले की संघ-नागरिकत्व हा सदस्य-राष्ट्रांच्या नागरिकांचा मूलभूत दर्जा ठरावयाचा आहे आणि तात्पुरती अडचण आलेल्या परक्या नागरिकाबाबत यजमान राष्ट्राने काही एक बंधुभाव दाखवला पाहिजे. त्या निकालाने फार मोठी आशा निर्माण केली. ११ नोव्हेंबर २०१४ रोजी लाइप्झिग येथे लहान मुलासह राहणाऱ्या, नोकरी नसलेल्या आणि ती शोधतही नसलेल्या एका रोमानियन स्त्रीच्या प्रकरणात त्याच न्यायालयाने मदत नाकारण्याचा जर्मनीचा अधिकार मान्य केला. ज्याच्याकडे पुरेशी साधने नाहीत त्याचे वास्तव्यच कायदेशीर नाही आणि म्हणून समान वागणुकीचा दावाही त्याला करता येत नाही, अशी ही मांडणी होती. कायद्याच्या अक्षराला ती सोडून नाही, हे मान्य करावे लागते. तथापि तिचा परिणाम असा की, ज्याला मदतीची गरज आहे त्याने गरज बोलून दाखवली की राहण्याचा हक्कच धोक्यात येतो, आणि ज्या दर्जाला मूलभूत म्हटले तो दर्जा पैशाच्या उंबरठ्यापाशी थांबतो. या ग्रंथाची भूमिका पहिल्या निकालाच्या बाजूची आहे.

आरोग्यविम्याच्या अटीचा ब्रिटनमधील इतिहास याच प्रकारचा आहे. तेथील राष्ट्रीय आरोग्य सेवा सर्व रहिवाशांना मोफत उपचार देत असे, तरीही विद्यार्थी आणि स्वतःच्या साधनांवर राहणारे संघ-नागरिक यांच्याबाबत ब्रिटिश सरकारने ही सेवा म्हणजे ‘सर्वसमावेशक आरोग्यविमा’ नव्हे असे मानले. परिणामी अनेक वर्षे तेथे घरसंसार केलेल्या लोकांना कायम वास्तव्य मागताना कळले की खासगी विमा नसल्यामुळे त्यांची ती वर्षे हिशेबात धरली जाणार नाहीत. सार्वजनिक आरोग्य सेवेत मोफत समाविष्ट झालेल्या व्यक्तीची ही अट पूर्ण होते, असा निर्वाळा युरोपीय न्यायालयाने १० मार्च २०२२ रोजी दिला. तोवर ब्रिटन संघाबाहेर पडून दोन वर्षे उलटली होती.

ब्रिटनचा उल्लेख आला की गोव्याचा विषय टाळता येत नाही. हाच धागा मराठी आणि कोंकणी वाचकाला या विषयाशी थेट जोडतो. १९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला, भारताच्या १९६२ च्या आदेशाने तेथील लोक भारतीय नागरिक झाले, आणि पोर्तुगालने ३१ डिसेंबर १९७४ च्या करारान्वये भारताचे सार्वभौमत्व मान्य केले. परंतु मुक्तीपूर्वी गोवा, दमण आणि दीव येथे जन्मलेल्यांचे पोर्तुगीज नागरिकत्व पोर्तुगालच्या कायद्याने संपवले नाही. त्यांना आणि त्यांच्या पुढील पिढ्यांना लिस्बनच्या मध्यवर्ती नोंदणी कार्यालयात जन्म नोंदवून ते प्रस्थापित करता येते. पोर्तुगाल १९८६ साली युरोपीय समूहाचा, म्हणजे संघाच्या पूर्वरूपाचा, सदस्य झाला आणि सासष्टीतल्या एखाद्या गावच्या जुन्या नोंदवहीतील आजोबांच्या जन्माच्या ओळीला अचानक सबंध युरोपभर मोल आले. पणजी किंवा मडगाव येथून जुन्या नोंदीचा उतारा मिळवायचा, वडिलांचा विवाह लिस्बनला नोंदवायचा, मग स्वतःचा जन्म नोंदवायचा, आणि पोर्तुगीज वहीतले व भारतीय कागदांवरचे नाव जुळले नाही तर ते जुळवून घ्यायचे, अशी ही पिढीमागून पिढी चढत जाणारी साखळी असते. बहुतेकांना पोर्तुगालमध्ये राहायचे नव्हते; ते तेथून, किंवा थेटच, इंग्लंडला गेले. स्विंडन हे शहर गोमंतकीयांचे मोठे ठाणे झाले, तेथील गोदामांत आणि कारखान्यांत त्यांनी कामे धरली. दमण-दीवचे अनेक लोक लेस्टरला स्थायिक झाले.

एखाद्याने पोर्तुगालमध्ये पाऊलही न ठेवता पोर्तुगीज म्हणून इंग्लंडमध्ये राहावे यात काही लबाडी आहे, असा सूर ब्रिटनमध्ये उमटत असे. कायद्याने त्याचे उत्तर आधीच दिलेले होते. अर्जेंटिना आणि इटली या दोहोंचे नागरिकत्व असलेल्या एका दंतवैद्याला स्पेनने, तो पूर्वी अर्जेंटिनात राहत होता म्हणून, इटालियन मानण्यास नकार दिला तेव्हा ७ जुलै १९९२ रोजी युरोपीय न्यायालयाने ठरवले की, कोण आपला नागरिक हे प्रत्येक सदस्य-राष्ट्र ठरवते आणि त्याने दिलेल्या नागरिकत्वावर दुसरे राष्ट्र जादा अटी लादू शकत नाही. गोमंतकीयांचे युरोपातले पाऊल या निकालावर उभे होते. २९ एप्रिल २०२५ रोजी माल्टाच्या, गुंतवणुकीच्या बदल्यात नागरिकत्व देणाऱ्या योजनेविरुद्ध न्यायालयाने निर्णय दिला तेव्हा या तत्त्वाला मर्यादा पडली. पण पैसे मोजून विकत घेतलेले पारपत्र आणि साडेचारशे वर्षांच्या राजवटीने मागे ठेवलेले नाते यांत फरक आहे, आणि तो नीट जपला जाईल अशी अपेक्षा बाळगायला हरकत नाही.

गोमंतकीयांच्या बाबतीत खरा अडथळा दुसऱ्या बाजूला होता. भारतीय संविधानाचा अनुच्छेद ९ आणि १९५५ चा नागरिकत्व कायदा दुहेरी नागरिकत्व मानत नाहीत, त्यामुळे पोर्तुगीज पारपत्र हाती घेणे म्हणजे भारतीय नागरिकत्व सोडणे, आणि त्याबरोबर गोव्यातला मतदानाचा हक्कही सोडणे होय. हा निर्णय घरातल्या कर्त्या माणसाने उत्पन्नासाठी घेतलेला असतो आणि त्यात वृद्ध आईवडील, वडिलोपार्जित घर, गावचे चर्च किंवा देऊळ यांच्याशी असलेले कायदेशीर नाते बदलते. ज्यांनी ही किंमत मोजून स्विंडन गाठले त्यांच्यापुढे ब्रिटनने संघ सोडावा की नाही यावरच्या २३ जून २०१६ च्या सार्वमताने नवा प्रश्न उभा केला. ३१ डिसेंबर २०२० पर्यंत ब्रिटनमध्ये राहायला आलेल्यांना वास्तव्य टिकवण्यासाठी अर्ज करावा लागला आणि त्याची सर्वसाधारण मुदत ३० जून २०२१ रोजी संपली. त्यानंतर येणाऱ्या पोर्तुगीज गोमंतकीयाला ब्रिटनचे दार इतर परदेशीयांसारखेच आहे. नागरिकत्व कायम राहूनही त्याचे क्षेत्र कसे आक्रसते याचा इतका लख्ख दाखला दुसरा नाही, आणि म्हणून ग्रंथात त्याला स्वतंत्र प्रकरण दिले आहे.

राजकीय हक्कांबाबत थोडक्यात सांगता येईल. ल्योनमध्ये राहणारा जर्मन तेथील नगरपालिकेसाठी मत देतो, पण फ्रान्सच्या राष्ट्राध्यक्षासाठी देत नाही. आणि काही राष्ट्रांत परदेशी स्थायिक झालेला नागरिक स्वदेशातील मतही गमावतो. अशा पाच राष्ट्रांना, म्हणजे डेन्मार्क, आयर्लंड, सायप्रस, माल्टा आणि तेव्हाचा सदस्य ब्रिटन यांना, आयोगाने जानेवारी २०१४ मध्ये आपले नियम सैल करण्याची शिफारस केली होती. एका खंडात मोकळेपणाने फिरल्याबद्दल माणसाचा राष्ट्रीय मताचा हक्कच जावा, ही स्थिती लोकशाहीला शोभणारी नाही.

दाद मागण्याची साधने आहेत आणि ती वापरली पाहिजेत. प्रत्येक सदस्य-राष्ट्रात २००२ पासून ‘सॉल्व्हिट’ नावाची केंद्रे आहेत. एका देशाच्या कार्यालयाने संघाचा नियम चुकीचा लावला तर नागरिक आपल्या देशातील केंद्राकडे विनामूल्य तक्रार करतो, ते केंद्र संबंधित देशातील केंद्राशी बोलते आणि दहा आठवड्यांत तोडगा काढण्याचा प्रयत्न होतो. निवृत्तिवेतन अडलेल्या किंवा कुटुंबीयाचा वास्तव्य-परवाना रखडलेल्या माणसाला न्यायालयाची पायरी चढण्यापेक्षा हे कितीतरी सोयीचे आहे. पण ही केंद्रे कोणालाही आदेश देऊ शकत नाहीत, आणि जेथे अडथळा चुकीतून नव्हे तर धोरणातून आलेला आहे तेथे ती हतबल ठरतात. जर्मनीने सप्टेंबर २०२४ पासून आपल्या सर्व भूसीमांवर तपासणी सुरू केली, तेव्हा रोज सीमा ओलांडून कामाला जाणाऱ्यांचा वेळ रांगेत जाऊ लागला. त्यावर कोणत्याही केंद्राकडे उतारा नव्हता.

ज्या दोन कामांवर सध्या सर्वांची दृष्टी आहे त्यांचा परामर्श ग्रंथाच्या शेवटच्या भागात घेतला आहे. एक मार्गी लागले आहे : एका देशाने दिलेला दिव्यांगत्वाचा दाखला दुसऱ्या देशात चालत नसल्यामुळे दिव्यांग व्यक्तीला अल्पकाळच्या प्रवासातही सवलती नाकारल्या जात, त्यावर २०२४ च्या निर्देशाने युरोपीय दिव्यांगपत्राची तरतूद केली असून ती जून २०२८ पासून लागू व्हायची आहे. दुसरे अडून आहे. एका सदस्य-राष्ट्रात मान्य झालेले पालकत्व सर्वत्र मान्य व्हावे असा विनियम आयोगाने ७ डिसेंबर २०२२ रोजी सुचवला. कौटुंबिक कायद्याच्या विषयात सर्व राष्ट्रांचे एकमत आवश्यक असल्याने एकाही सरकारचा नकार तो थांबवायला पुरेसा होतो. एकमत न झाल्यास किमान नऊ राष्ट्रांनी एकत्र येऊन आपल्यापुरता कायदा करण्याचा मार्ग करारात आहे, आणि पतिपत्नींच्या मालमत्तेबाबत अठरा राष्ट्रांनी २०१६ साली तो अवलंबिला होता. पालकत्वाबाबतही तो अवलंबिणे शक्य आहे. मात्र ज्या राष्ट्रांतील मुलांना या नियमाची सर्वांत जास्त गरज आहे, तीच राष्ट्रे त्या गटाबाहेर राहण्याचा संभव अधिक असल्यामुळे, शेवटच्या प्रकरणात त्या मार्गाच्या लाभांइतकीच त्याच्या मर्यादांचीही तपशीलवार छाननी केली आहे.